वीस क्विंटलचा कॅमेरा

कॅमेऱ्यांची परीक्षणं लिहिणारी मंडळी जिथं राहतात, तिथले गवंडी फार सज्जन असावेत. भिंगातून सरळ रेष सरळच येते की वाकते, हे बघायला ही मंडळी विटांच्या भिंतीसमोर ट्रायपॉड लावतात, फोटो काढतात आणि ‘कडांना किंचित बाक’ असा निकाल देऊन मोकळी होतात. आमच्या मराठवाड्यातल्या कळंबात उघड्या विटांच्या भिंतींना तोटा नाही. गिलावा पुढच्या सोयाबीनवर ढकललेला असतो आणि गच्चीवरच्या सळया थोरलं पोरगं नोकरीला लागायची वाट बघत आभाळाकडं तोंड करून उभ्या असतात. म्हणून मीही ढोकी रस्त्यावरच्या एका भिंतीवर भिंग तपासायला गेलो. फोटोत बाक दिसला. पण तो भिंगाचा की गवंड्याचा, हे कळायला मार्ग नव्हता. तेवढ्यात मालक बाहेर आले. त्यांना मी आधी मोजणीचा माणूस वाटलो, मग बँकेचा. भिंग तपासतोय म्हटल्यावर त्यांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर वाकून पाहिलं आणि घरात आवाज दिला, “अगं, मिस्त्रीला फोन लाव. भिंत वाकडी हाय म्हणायलेत.”

तपासायची होती ती दोन यंत्रं. एक निकॉन डी७५००, एप्रिल २०१७ मध्ये जाहीर झालेलं. दुसरं कॅनन ९०डी, ऑगस्ट २०१९ मधलं. दोन्ही मधल्या किमतीची, हौशी माणसासाठी केलेली. म्हणजे पोराला कौतुकानं घेऊन देतात त्या कॅमेऱ्याच्या वर आणि लग्नं मारणाऱ्यांच्या कॅमेऱ्याच्या खाली. या वर्गातल्या हौशी लोकांच्या हालांना सुरुवात झाली ती २००८ साली. त्या वर्षी निकॉन डी९० आला आणि डीएसएलआरमधून, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यातून, पहिल्यांदा व्हिडिओ निघायला लागला. तोवर हौशी माणसाला नुसतं ‘एक फोटो काढ’ म्हणत. त्यानंतर ‘जरा शूटिंग पण घे’ म्हणायला लागले. आता तर ही दोन्ही यंत्रं आपापल्या वंशातली शेवटची आहेत. दोन्ही कंपन्या आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांच्या मागं लागल्या, आणि लातूरला दुकानात जाऊन डीएसएलआर मागितला तर काउंटरवरचं पोरगं ‘काका, कुणासाठी पाहिजे?’ असं फार मायेनं विचारतं.

कागदावरची लढत थोडक्यात सांगतो, कारण कागदावर ती चांगली रंगते आणि कळंबात आली की विझते. कॅननला साडेबत्तीस मेगापिक्सेल, निकॉनला एकवीसला किंचित कमी. कॅनन सेकंदाला दहा फोटो काढतो, निकॉन आठ. बॅटरी एका दमात कॅननची १३०० फोटो टिकते, निकॉनची ९५०, असं कंपन्या म्हणतात. बॅटरी आणि कार्ड घालून दोघांचंही वजन सातशे ग्रॅमच्या आसपास. आधीच्या डी७२०० ला कार्डाचे दोन खण होते. डी७५०० मध्ये निकॉननं एकच ठेवला, आणि यावर जगभरच्या हौशी लोकांनी जेवढा शोक केला तेवढा आपल्याकडं बाराव्यालाही होत नाही. अंधारात फोटो काढायची ताकद ज्यावर मोजतात तो आयएसओचा आकडा निकॉननं ताणून १६,४०,००० पर्यंत नेला आहे. सोळा लाख चाळीस हजार! त्या आकड्यावर काढलेल्या फोटोत एवढे रंगीत दाणे येतात की माणूस आहे की मक्याचं कणीस, हे ओळखू येत नाही. पण आकडा मोठा आहे, आणि मोठ्या आकड्याच्या घोषणेचा अनुभव आपल्याला असल्यामुळं हाती काय येणार हे आपण आधीच ओळखून असतो.

किमतीचा अभ्यास घरात होतो. भिंगासकट नवा कोरा घ्यायचा तर तेव्हा लाखाच्या अलीकडं-पलीकडं पडत होता. हा आकडा मी रुपयांत सांगितला, वडिलांनी तो सोयाबीनमध्ये करून घेतला. २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये, म्हणजे वीस क्विंटल. बाजारात त्या साली हमीभावाच्या खालीच चाललं होतं, म्हणजे वीसाचे पुढं बावीस, चोवीस. “मधल्या किमतीचा म्हणतोस,” वडील म्हणाले, “कुणाच्या मधल्या?” मग म्हैस निघाली. मराठवाड्यात कुठलीही वस्तू घ्यायची म्हटलं की चर्चेत म्हैस येतेच. “म्हैस दूध तरी देती. ह्ये काय देतंय?” मी दादासाहेब फाळक्यांचं उदाहरण दिलं. १९१२ साली त्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, लंडन गाठलं, विल्यमसन कॅमेरा आणला, आणि पुढच्याच वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. बायको पोळ्या लाटता लाटता ऐकत होती. म्हणाली, “त्यांनी आधी पॉलिसी काढली होती ना? तुमची कुठंय?”

राहिला जुना कॅमेरा. तो बघायची एक रीत आहे: आतापर्यंत किती फोटो काढले तो आकडा काढायचा. ९०डीचं शटर १,२०,००० वेळा उघडझाप करील असं कंपनी सांगते, डी७५००चं १,५०,००० वेळा. बाजारात बैलाचं तोंड उघडून दात मोजतात, तसंच हे. फरक एवढाच की बैल विकणारा ‘फक्त रविवारी औताला धरलाय’ असं सांगत नाही, आणि कॅमेरा विकणारा प्रत्येक जण ‘फक्त घरगुती वापर’ असंच सांगतो. बोट दाबून धरलं तर सेकंदाला दहाच्या हिशेबानं १,२०,००० फोटो तीन तास वीस मिनिटांत संपतात. आपल्याकडच्या एका हळदीच्या कार्यक्रमात कॅमेऱ्याचं आख्खं आयुष्य उरकू शकतं. घरगुती वापर तो हाच.

परीक्षणांत एका गोष्टीला गुण देतच नाहीत आणि कळंबात ती पहिली लागते: आवाज. डीएसएलआरमध्ये भिंगामागं तिरका आरसा असतो. तो भिंगातलं दृश्य वर काचेच्या लोलकातून आपल्या डोळ्यापर्यंत पोचवतो, आणि बटण दाबलं की खटकन वर उडतो, शटर उघडतं, आरसा परत खाली. आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यात हा खटका जवळजवळ नाहीच, आणि हवं तर पूर्ण मुका करता येतो. तिकडं याला प्रगती म्हणतात. आपल्याकडं आवाज आला नाही तर फोटो निघाला असं कुणी मानत नाही. एका बारशाला पुण्याहून आलेल्या भाच्यानं मुका कॅमेरा आणला होता. त्यानं फोटो काढले, जेवला, गाडीत बसून गेलासुद्धा. आणि दोन आत्या अजून पोटं आत ओढून ‘कवा काढायलाय रे?’ म्हणत उभ्या होत्या. खटका झाला की श्वास सोडायचा, हा करार स्टुडिओतल्या काळ्या फडक्यापासून चालत आलाय. या एका कलमावर मी दोन्ही डीएसएलआरना पैकीच्या पैकी दिले आहेत.

आता भिंगाकडं येऊ, कारण हौशी माणसाचे पैसे खरे तिथं बुडतात. कॅमेऱ्याबरोबर मिळणारं भिंग वापरणं कमीपणाचं, म्हणून तो लगेच पन्नास मिलिमीटरचं एफ-एक-पॉइंट-आठ घेतो. लहान, हलकं, त्यातल्या त्यात स्वस्त. याचं छिद्र एवढं मोठं उघडतं की डोळ्यांवर नेम धरला तर डोळे लख्ख येतात आणि मागचं सगळं लोण्यासारखं विरघळतं. या विरघळण्याला जगात फार मान आहे. त्यासाठी लोक कर्ज काढतात. कळंबात फोटो हा पुरावा असतो, आणि पुरावा धूसर चालत नाही. नव्या ट्रॅक्टरसमोर घेतलेला फोटो म्हणजे ट्रॅक्टरचा फोटो. माणूस त्यात मालकी सिद्ध करायला उभा असतो. मागचा ट्रॅक्टर विरघळलेला दिसल्यावर मालकानं मला शांतपणे विचारलं, “हप्ते कशाचे भरायलोय मग मी?” वास्तुशांतीत घर दिसलं पाहिजे, घरावरचं नाव वाचता आलं पाहिजे, साडीचे काठ दिसले पाहिजेत, आणि पाय. पाय कापलेले फोटो घरी चालत नाहीत. कमरेपर्यंतचा काढला की ‘खालचा कुठाय?’ होतंच.

त्यातही एक फर्माईश अशी की तिच्यापुढं कॅमेऱ्यातलं कुठलंही बटण कामाला येत नाही. घरातली म्हातारी माणसं कॅमेरा बघून जवळ येतात, पदर सावरतात आणि विचारतात, “माझा एक चांगला काढून ठेव की, लावायला.” कुठं लावायला, ते विचारायचं नसतं. माझ्या चुलत आजीनं लावायचा फोटो हयातीतच पसंत करून घेतला. पहिला नापास झाला. डोळे असे आले होते की पापण्या मोजाव्यात, पण एफ-एक-पॉइंट-आठमुळं कान मऊ पडले होते. “कुड्या दिसंनात,” आजी म्हणाली. “मी गेल्यावर कुड्या कुठं गेल्या म्हणून सुना भांडतील.” छिद्र बारीक करून एफ-आठवर पुन्हा काढला, कुड्या आल्या, मोती आले, मागच्या भिंतीवरचं खत कंपनीचं कॅलेंडरही तारखांसकट आलं. हा पास. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: कळंब तालुका एफ-आठवर चालतो. ज्याला एक-पॉइंट-आठ लागतं त्यानं पुण्याला खोली करावी.

लग्न हा हौशी कॅमेऱ्याचा विषय नव्हे, तरी त्याला तिथं नेलं जातंच. ‘घरचाच माणूस आहे, कॅमेरा पण हाय त्याच्याकडं’ या एका वाक्यावर. शूटिंगवाले वेगळे असतातच. त्यांच्याकडं महागडे कॅमेरे, ड्रोन, दिवे धरणारी पोरं, आणि एलईडीचा पडदा. आंतरपाट धरला की हे सगळे नवरा-नवरीसमोर उभे राहतात, त्यामुळं समोर बसलेले हजार लोक लग्न पडद्यावरच बघतात. अशा वेळी ९०डीचे पंचेचाळीस आणि डी७५००चे एक्कावन्न फोकस-बिंदू काय करतात, हे मी कुठल्याही परीक्षणात वाचलं नव्हतं. सगळे बिंदू एकमतानं शूटिंगवाल्याची पाठ निवडतात. त्याच्या शर्टाची शिवण इतकी सुरेख येते की काय सांगावं. शेवटची मंगलाष्टका संपून अक्षता पडतात त्या क्षणासाठी सेकंदाला दहा फोटो कामाला येतात म्हणावं, तर दहापैकी चारांत मामाचा हात, तिनांत मोबाईल उंच धरलेली मेहुणी, दोनांत नवऱ्याच्या डोळ्यात तांदूळ, आणि उरलेल्या एकात दोघंही छान हसतायत पण एकमेकांकडं नाही, जेवणाच्या हॉलकडं बघून. आणि हा क्षण यायलाही वेळ लागतो. पत्रिकेत मुहूर्त दुपारी बारा वाजून पंचवीस मिनिटांचा असला तरी शुभाशीर्वाद द्यायला साहेब निघालेले असतात. ते पोचून, बोलून, पुढच्या लग्नाला गेल्याशिवाय ग्रह हलत नाहीत.

स्टेजवरचे दिवे हा स्वतंत्र जाच. ते दर दोन सेकंदांनी निळे, जांभळे, हिरवे होतात. कॅमेऱ्याला पांढरा रंग कुठला हे आपणहून ओळखायची सोय दिलेली आहे. ती बिचारी जांभळ्यावर पोचेपर्यंत दिवे हिरव्यावर गेलेले असतात. वराकडच्या मंडळींनी एकदा फोटो पाहून ‘आमच्या सासूबाईच तेवढ्या हिरव्या कशा?’ असं विचारलं होतं. उत्तर देण्याची जागा नव्हती. मानधन ठरलेलं आहे: टॉवेल, टोपी, नारळ. शूटिंगवाला आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय दिवा लावत नाही, हेही नमूद करतो.

यातून वाचलेले फोटो शेवटी फ्लेक्सवर जातात. वाढदिवस असो की निवड, चौकात बोर्ड लागतो. मी साडेबत्तीस मेगापिक्सेलचा फोटो जपून काढायचा, तो व्हॉट्सअ‍ॅपवरून जाताना आकसायचा, आणि फ्लेक्सवाल्या पोरानं पहिलं काम करायचं ते मागचा भाग कापून टाकायचं. ज्या विरघळलेल्या पार्श्वभूमीसाठी भिंग घेतलं, तिच्या जागी वाघ येतो.

मैदानी चाचणीसाठी येरमाळ्याची यात्रा. सोलापूर-धुळे महामार्गावरचं हे गाव आपल्याच तालुक्यात. येडेश्वरीला तुळजाभवानीची धाकटी बहीण मानतात. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत देवीची पालखी आमराईकडं निघते आणि माणसं रानात चुनखडीचे खडे वेचतात. गळ्यात कवड्यांच्या माळा घातलेल्या आराधी बायका, संबळ, पोतराज, डोक्यावर लेकरं, आणि वर एप्रिलचं ऊन. फोटोला याहून श्रीमंत जागा मला तरी माहीत नाही. दोन्ही कॅमेऱ्यांच्या सांध्यांना धूळ आणि पाण्याच्या थेंबांपासून संरक्षण दिलंय म्हणतात. थेंब! आपल्याकडं पाऊस एक तर येत नाही, आणि आला की थेंबांत येत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये जिल्ह्यात जो पडला, त्यात जमिनीची मातीच वाहून गेली. तिथं कॅमेऱ्याच्या रबरानं काय करावं? धुळीचं म्हणाल तर यात्रेत भिंग बदलायचं नाही, एवढं पाळलं तर दोन्ही यंत्रं तगतात. बदललंच, तर चुनखडीचा प्रसाद आतल्या सेन्सरवर बसतो आणि पुढच्या वर्षभराच्या प्रत्येक आभाळात त्याच जागी तीच घार उडताना दिसते. कॅमेरा चालू-बंद होताना सेन्सर स्वतःला झटकून घेतो. पण ही झटक कागदावरच्या धुळीसाठी असावी. आणि सातशे ग्रॅम हे वजन सकाळचं आहे. दुपारी गर्दीत मान ते वेगळंच सांगते. तरीही यात्रेत उभं राहून डोळ्याला काही लावायचं झालं तर मी डीएसएलआरच लावीन. भर उन्हात मोबाईलच्या पडद्यावर स्वतःचंच तोंड दिसतं, आणि या लोलकात आराधी बायका जशा आहेत तशा, विनाविलंब दिसतात.

मुंबई-पुण्याचे हौशी लोक मात्र आपल्याकडं यात्रेला कमी आणि दुष्काळाला जास्त येतात. २०१६ चा उन्हाळा आठवा. धनेगावचं मांजरा धरण आटलं होतं, त्याच्यावर जगणाऱ्या लातूरला एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायला लागलं. त्या उन्हाळ्यात धरणाच्या पोटात पाण्यापेक्षा कॅमेरे जास्त होते. भेगाळलेली जमीन, मधोमध उकिडवा शेतकरी, कपाळावर आडवा हात, नजर वर. ही पोज कुणी ठरवली माहीत नाही, पण बक्षीस तिलाच मिळतं. काठावरच्या एका गावातल्या बाबांची गोष्ट सांगतात. कॅमेरेवाल्यांची गाडी थांबलेली दिसली की ते आपणहून भेगांत जाऊन बसायचे आणि विचारायचे, “वर बघायचंय का खाली?” एका पाहुण्यानं ‘काका, जरा नॅचरल बसा’ म्हटलं. तेव्हा बाबा उठले, झाडाखालच्या सावलीत गेले, आणि आडवे झाले. उन्हाळ्यात शेतकऱ्याची नॅचरल पोज तीच असते, पण तिला अजून कुणी बक्षीस दिलेलं नाही.

या सगळ्या चाचण्यांनंतर कॅनन की निकॉन, हे विचाराल तर: घरात लेकरं पळत असतील तर कॅनन, कारण त्याचा पडदा चारी बाजूंना वळतो आणि व्हिडिओत फोकस पोराच्या मागं पळतो; संध्याकाळचे, अंधुक उजेडातले फोटो जास्त असतील तर निकॉन. एवढंच. बाकी भांडण ज्यांना दुसरं काम नाही त्यांनी करावं. मी कुठला घेतला ते सांगत नाही. घरात किंमत अजून निम्मीच सांगितलेली आहे.

एका चाचणीत मात्र दोन्ही कॅमेरे नापास झाले, आणि तीच वडिलांनी घेतली. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्यानं आपल्या शेतात उभं राहून आपल्या पिकाचा फोटो ॲपवर चढवायचा, मग सातबारावर पीक लागणार. पीक लागलं तर हमीभावाच्या केंद्रावर नोंदणी, नाही तर बसा बाजारात. म्हणजे आख्ख्या तालुक्यात सरकारला शेतकऱ्याकडून मनापासून हवा असलेला हा एकच फोटो. मी बॅग भरली, दोन भिंगं घेतली, सकाळचा तिरका उजेड साधून सोयाबीनमध्ये गुडघे टेकले, पानावरच्या दवासकट एक झाड असं टिपलं की शेंगेवरची लव दिसावी. वडिलांना पडद्यावर दाखवलं.

“झ्याक आलंय,” ते म्हणाले. “आता ह्यातनं ॲपवर कसं चढवायचं?”

चढत नाही. दोन्ही कॅमेऱ्यांना आपण कुठं उभे आहोत हे आपणहून कळत नाही; ते फोनला विचारून घ्यावं लागतं. आणि ॲपला फोटोपेक्षा उभं राहण्याची जागा महत्त्वाची. वडिलांनी खिशातून तडा गेलेला मोबाईल काढला, रेंजसाठी बांधावर चढले, परत खाली आले, आणि हात लांब करून नेम धरला. चौकटीत अर्धं सोयाबीन, अर्धं तण आणि कोपऱ्यात त्यांचा स्वतःचा अंगठा. माझ्या वीस क्विंटलच्या यंत्रानं जे वीस क्विंटल खाल्ले होते, ते हमीभावानं विकायला हा अंगठेवाला फोटो लागणार होता.

मी छिद्र, कोन आणि उजेडाबद्दल काहीतरी सांगायला पुढं सरकलो.

“तू जरा बाजूला हो,” वडील म्हणाले, “सावली पडायलीय पिकावर.”